चौथ्या साइटची चावी

त्या इमारतीत एक कुजबूज बरीच वर्षं फिरत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या भिंगाने म्हणे आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीला भर दुपारी घरात कोंडलं होतं. ती बिचारी आतून ‘मला सोड, मला बाहेर जाऊ दे’ म्हणून रडत होती आणि तो राक्षस दार उघडत नव्हता. ऐकणारी बाई तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवायची. तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि जे स्वतःच्या कानांनी ऐकलं ते दुसऱ्याच्या कानात घातल्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नसे.

आता हा राक्षस कोण, ते आधी बघू. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणारा, पन्नाशीला टेकलेला, खांदे पाडून चालणारा माणूस. भिंगं घासतो म्हणून नाव पडलं भिंग. धाडसाचा म्हणाल तर असा, की घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचा आणि जिना उतरून चौथ्यांदा वर यायचा. मांजर आडवं गेलं तर हा मांजराची माफी मागेल. लग्न केलं नाही, कारण मुलगी बघायला जायचं म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. मग घरात राहिली थोरली बहीण, आक्का. टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात तिचा जन्म गेला होता. आवाज असा भारदस्त, की फोन उचलला तर पलीकडचा ‘नमस्कार साहेब’ म्हणायचा. निवृत्तीनंतर तिच्या डोळ्यांच्या मधोमध धूसर ठिपका आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.

आणि या आक्काला नाद होता कॉम्प्युटरवरच्या खेळाचा. होड्यांचा खेळ. समुद्रात जाळं टाकायचं, मासे विकायचे, वादळ आलं की बंदर गाठायचं. जगभरची माणसं एकाच समुद्रात. आक्काच्या होडीवर चौदा खलाशी होते आणि ते सगळे तिला नौदलातला निवृत्त अधिकारी समजत. शिव्या त्याच दर्जाच्या होत्या. पण डोळे गेले तशी त्या खेळातली मुंगीएवढी अक्षरं दिसेनात. एकदा तिने खडक लिहिलेल्या जागेला बंदर समजून सगळी होडी फोडली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

भिंगाला ते बघवेना. दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं मोठी करून देणारा माणूस तो. त्याने पुस्तकं आणून, चुकत माकत, वर्षभर खपून एक अ‍ॅड-ऑन बनवलं. म्हणजे मूळ खेळाला वरून जोडायचा तुकडा. तो जोडला की खेळातली अक्षरं मोठी, जाड आणि पिवळी होत. नाव दिलं ‘मोठी अक्षरं’. एवढ्यावर थांबला असता तर गोष्टच झाली नसती. पण आक्काने खलाशांना सांगितलं, खलाशांपैकी निम्म्यांना चाळिशी लागलेली, आणि बघता बघता तुकड्याला एकतीस हजार माणसं लागली.

असले तुकडे ठेवायच्या साइट चार होत्या, आणि चारींच्या चार तऱ्हा. पहिली प्रत्येक आवृत्ती दोन दिवस तपासायची. दुसरीला चित्रं लागत. तिसरी सकाळी घेतलेलं संध्याकाळी परत करून कारण विचारायची. चौथी सगळ्यांत जुनी. ती एकच म्हातारा गृहस्थ चालवायचा आणि पानावर सरळ लिहायचा, ‘पत्रं मंगळवारी बघतो.’ पण वजन चौथीचंच. कारण एकतीसपैकी बावीस हजार माणसांचा खेळ सुरू होताना आपणहून चौथीला विचारायचा, नवीन काही आलंय का? आलं असेल तर विचार न करता घरात घ्यायचा.

चार दारांत चारदा तेच ताट नेऊन कंटाळा आला, तेव्हा भिंगाने एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव वाढपी. एक बटण दाबलं की वाढपी सगळं फोल्डर बांधून चारही साइटवर पोचवायचा. त्यासाठी प्रत्येक साइटने त्याला एक लांबलचक आकडे-अक्षरांची चावी दिली होती. चारही चाव्या एका फाइलीत, त्याच फोल्डरमध्ये. वाढप्याला बजावलेलं, की बांधताना ‘चाव्या’ नावाची फाइल बाहेर ठेव.

एका शुक्रवारी भिंगाला टापटिपीचा झटका आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्याने सगळ्या फाइलींना नीट क्रमांक दिले आणि ‘चाव्या’ची झाली ‘०७-चाव्या’. वाढप्याला मात्र कुणी सांगितलं नाही. वाढपी हुकमाचा ताबेदार. ‘चाव्या’ नावाचं काही त्याला दिसलं नाही, म्हणून दिसलं ते सगळं बांधून तो वाढून आला.

रविवारी सकाळी अकरा वाजता भिंगाला निरोप आला. पाठवणाऱ्याने नाव घेतलं होतं ‘जुना बूट’. मजकूर एवढाच होता: ‘तुमच्या नव्या आवृत्तीत तुमच्या चाव्या आल्या आहेत. चौथीची अशी सुरू होते ना?’ आणि पुढे सहा अक्षरं.

भिंगाने ती सहा अक्षरं ताडून पाहिली. बरोबर होती. त्याचे हात गार पडले. आक्का स्वयंपाकघरातून आली तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसून स्वतःचेच गुडघे दाबत होता.

“काय झालं रे? कोण गेलं?”

“कुणी नाही. आक्का, चाव्या गेल्या.”

“लोखंडी कपाटाच्या?”

“चारही साइटच्या. परवापासून कुणीही माझ्या नावाने काहीही ठेवू शकतं. चोरायचा प्रोग्राम म्हण, पासवर्ड उचलणारा म्हण. लोक माझं समजून घेतील. बँकेची कामं त्याच कॉम्प्युटरवर करतात गं लोक.”

आक्का खुर्ची ओढून शेजारी बसली. “मग कुलपं बदल. बोलत काय बसलास?”

तीन कुलपं अर्ध्या तासात बदलली. चौथ्या साइटने मात्र चावी बदलण्यासाठी खूण मागितली, आणि ती खूण जायची जुन्या ईमेलवर. तो ईमेल भिंगाच्या आधीच्या दुकानाचा होता. ते दुकान मोडून आता तिथे सायकली दुरुस्त होत होत्या. ईमेल कधीच बंद झाला होता. आपल्या पासवर्डने भिंग चौथ्या साइटवर आत जाऊ शकत होता, आलेलं-गेलेलं बघू शकत होता. पण चावी मोडणं, अ‍ॅड-ऑन काढून टाकणं, जुनी आवृत्ती पुसणं, सगळ्याला तीच खूण. चावी ज्याच्या हाती, त्याला माल ठेवता यायचा. भिंगालाही तेवढंच, चोरालाही तेवढंच.

त्याने म्हाताऱ्या गृहस्थाला तीन पत्रं लिहिली. मंगळवारला दोन दिवस होते.

“लोकांना सांगून टाक,” आक्का म्हणाली.

“सांगू काय? की शुक्रवारच्या आवृत्तीत चावी आहे, या आणि उचला? आज एकाला ठाऊक आहे, उद्या हजारांना होईल.”

“आणि त्या बुटाला ठाऊक आहे त्याचं काय?”

“तेच तर. कोण आहे तो? भला असेल तर नाव लपवेल कशाला, आणि चोर असेल तर सांगेल कशाला?”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण या खेपेला ब्रह्मराक्षस खरोखरच असायची शक्यता होती. खिडकीखालून कुणी शिट्टी वाजवत गेलं तरी भिंग दचकून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचा. जणू चोर शिट्टी वाजवत येतो.

मार्ग सापडला तो आक्काला. “अरे, ती चौथी साइट एकदा काही घेतलं की आठ तास दुसरं घेत नाही ना? तूच शिव्या घालतोस तिला. एकदा चूक झाली तर आठ तास निस्तरता येत नाही म्हणून.”

भिंगाने मान वर केली.

“मग तूच ठेव की काहीतरी. तुझंच, चांगलं, तेच ते. आठ तास दार बंद. उघडलं की पुन्हा तूच.”

दुपारी दोनच्या ठोक्याला भिंगाने चाव्यांची फाइल काढून तीच आवृत्ती नवा क्रमांक घालून चौथीवर ठेवली. दार बंद झालं. पुढचं दार रात्री दहाला, मग सकाळी सहाला, मग पुन्हा दुपारी दोनला. वाढप्यावरचा विश्वास उडाला होता, म्हणून सगळं हाताने. एकेका वेळेआधी पाव तास दोघं पडद्यासमोर बसायची. आक्का मोठ्या काट्यांच्या घड्याळातले सेकंद मोजायची, भिंगाचं बोट बटणावर. दहाची वेळ साधली. सहाची साधली.

मधल्या वेळात आराम होता असं नाही. एकदा भिंगाने हिशेब मांडला, बावीस हजारांत आक्कासारख्या अधू डोळ्यांच्या किती बायका असतील. मग म्हणाला, “त्यांना कळणारसुद्धा नाही. पडद्यावर काय विचारतंय ते न वाचताच हो म्हणतील.”

“मी वाचते,” आक्का म्हणाली. “तू अक्षरं मोठी केलीस म्हणून वाचते. चहा पी.”

सोमवारी त्याने दुकानात फोन करून बरं नसल्याचं सांगितलं. मालक म्हणाले, “आवाजावरून वाटतंयच. डॉक्टरकडे जा.” आवाज खरोखरच गेला होता. भीतीने बारीक झाला होता, चौदा वर्षांच्या पोरीसारखा.

दुपारी दोनला दोन मिनिटं कमी असताना दारावरची घंटा वाजली.

दोघंही जागच्या जागी गोठली. घंटा पुन्हा वाजली. “आक्का, मापाची पट्टी तुमच्याकडे राहिलीय का हो माझी?” शिवणकामवाली होती. पट्टी तिच्या गळ्यात असणार हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. पण काल दिवसभर या घराचं दार उघडलं नव्हतं, आणि बाईला दोन जेवणं गेली नव्हती.

“आत्ता नाही,” आक्का बसल्या जागेवरून ओरडली.

“बरं आहे ना सगळं?”

“आत्ता नाही म्हटलं ना.”

“दोन,” आक्का घड्याळाकडे वळून म्हणाली. भिंगाने बटण दाबलं.

साइटने उत्तर दिलं: ‘या क्रमांकाची आवृत्ती आधीच आहे.’

घंटेच्या गडबडीत तो क्रमांक वाढवायचा विसरला होता. सकाळचाच राहिला होता. त्याने फाइल उघडली, आकडा खोडला, नवा घातला. पण घाईत एकाऐवजी दोन आकडे उमटले, ते पुसले, पुन्हा बांधलं, पुन्हा दाबलं. साइट म्हणाली: ‘नवी आवृत्ती नुकतीच मिळाली आहे. आठ तासांनी या.’

“मिळाली म्हणजे?” आक्काने विचारलं. “तुझी घेतली ना?”

“माझी नाही.”

“मग कुणाची?”

भिंग उठला. सरळ दाराशी गेला आणि बूट घालू लागला. डावा उजव्यात.

“कुठे निघालास?”

“माहीत नाही. जातो. मावशीकडे जातो.”

“मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली.”

“मग दुसरीकडे. लोक येतील, आक्का. पोलीस येतील. आत्ता या मिनिटाला लोकांच्या घरात शिरतंय ते, आणि आठ तास मी काही करू शकत नाही. माझं नाव आहे त्याच्यावर.”

आक्का चष्मा सावरत उठली. समोरचं दिसत नसलं तरी कडी कुठे आहे हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं. तिने कडी घातली, वर कुलूप लावलं आणि किल्ली गाऊनच्या खिशात टाकली.

“मला सोड,” तो म्हणाला. रडतच होता आता. “आक्का, मला बाहेर जाऊ दे.”

“दार उघडणार नाही. आधी आत काय आहे ते बघायचं. तू पळालास तर ते कोण वाचणार, मी? मला ठिपका दिसतो मधे. बस तिथे.”

तो बसला. भीतीहून मोठं असं त्याच्या आयुष्यात एकच होतं, आणि ते शेजारी उभं होतं.

त्याने ती आवृत्ती चालवली नाही. नुसती उतरवून घेतली आणि पोट फाडून बघितली. दोनशे बारा फाइली. आपल्या दोनशे बाराशी एकेक लावून पाहिली. दर फाइलीला आक्का विचारायची, “सारखी?” आणि तो म्हणायचा, “सारखी.” शंभर झाल्या. दीडशे झाल्या. कुठल्या फाइलीत दात लपलेत हे कळेना, म्हणून प्रत्येक ‘सारखी’नंतर तो पुढची आणखी सावकाश वाचत होता. दोनशे बारावीत फरक निघाला. एकच. आवृत्तीचा क्रमांक एकाने पुढे होता.

तेवढ्यात निरोप वाजला. जुना बूट. ‘दोन वाजले तरी तुमचं आलं नाही. कालपासून तुमच्या वेळा बघतो आहे. तुमचाच माल तुमच्याच चावीने ठेवला. राग नसावा. खात्री करून घ्या.’

आक्काने ते मोठ्या अक्षरांत स्वतः वाचलं. “भला आहे म्हणायचा.”

भिंग चौथ्या साइटवर आपल्या खात्याचं पान बघत होता. तिथे आलेल्या प्रत्येक मालाची वेळ सेकंदासकट लिहिलेली असते, घेतलेल्याची आणि नाकारलेल्याचीही. चार नोंदी होत्या. दोन वाजून चार सेकंद, नाकारलं. ती त्याची चूक. एकतीस सेकंद, घेतलं. ते बुटाचं. दोन वाजून एक मिनिट दहा सेकंद, नाकारलं. ती पुन्हा त्याची.

आणि मधे एक. तेहतीस सेकंद, नाकारलं.

“ही कुणाची?” आक्काने विचारलं.

भिंगाने बुटाला विचारलं. उत्तर आलं: ‘मी एकदाच ठेवलं.’

नाकारलेला माल साइट ठेवत नसे, फक्त त्याचं वजन लिहून ठेवायची. ‘मोठी अक्षरं’ चार मेगाबाइटची. त्या तेहतीसाव्या सेकंदाच्या मालाचं वजन होतं एकोणीस. अक्षरं एवढी जाड कधीच नव्हती.

आक्काने आकडा दोनदा विचारून घेतला. मग तिने भिंगाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जाणवलं, की तिचाही हात गार आहे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

“दोन सेकंद,” ती म्हणाली.

“दोन.”

“आता लोकांना सांग.”

या खेपेला त्याने वाद घातला नाही. चोराला चावी आधीच सापडली होती, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चारही साइटवर त्याने लिहिलं: माझ्या चुकीने चावी बाहेर गेली आहे, कुणीतरी ती वापरायला बघतं आहे. मंगळवारपर्यंत आपोआप नवीन घेणं बंद ठेवा. काही वावगं दिसलं तर तुकडा काढून टाका. खाली आपलं खरं नाव लिहिलं. लिहिताना दोनदा उठून न्हाणीघरात गेला.

शिव्या पाव तासात सुरू झाल्या. एकाने लिहिलं, असल्या माणसाच्या हातात खिळासुद्धा देऊ नये. दुसऱ्याने विचारलं, हे रविवारीच का नाही सांगितलंत? भिंगाने ‘घाबरलो’ एवढंच लिहिलं. आक्काच्या चौदा खलाशांनी मात्र न विचारता पहारा वाटून घेतला. कप्तानाचा हुकूम होता, आणि हुकूम मोडला तर काय ऐकावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. दहाच्या आणि सहाच्या वेळा साधल्या. दोन्ही वेळा पानावर एकोणीस वजनाची नाकारलेली नोंद उमटली. एकदा सात सेकंदांनी, एकदा एकाच सेकंदाने. तो जो कोणी होता, तोही घड्याळ लावून बसला होता, आणि शिकत होता.

दुपारी दोनची वेळ यायची होती. ती साधली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी म्हाताऱ्या गृहस्थाचं पत्र आलं. ‘चावी मोडली. शुक्रवारची आवृत्ती पुसली. ईमेल बदला, किती वेळा सांगायचं.’ त्याने आधी एकदाही सांगितलं नव्हतं. पण भिंगाने ते पत्र छापून घेतलं.

एकतीस हजारांतली नऊ हजार माणसं त्या आठवड्यात सोडून गेली, ती परत आली नाहीत. जुना बूटही पुढे कधी दिसला नाही. एकोणीस वजनाच्या मालात काय होतं ते कळलं नाही. भिंग अजून नवी आवृत्ती काढतो. पण बांधल्यावर पुन्हा सोडतो, आणि दोनशे बारा फाइलींची नावं आक्काला मोठ्याने वाचून दाखवतो. ती मान हलवेपर्यंत बटणाला हात लावत नाही. दुकानात काचा घासताना कधी मधेच थांबतो. मालक विचारतात काय झालं, तर म्हणतो, काही नाही, दोन वाजले.

राहिली शिवणकामवाली. सोमवारी दुपारी ती जिन्यात उभी होती. दाराआडून तिला दोन आवाज ऐकू आले. एक जाड, दरडावणारा, तो तिने भावाचा धरला. एक बारीक, रडवेला, तो बहिणीचा धरला. बारीक आवाज भिंगाचा होता. कोंडलं होतं त्याला, आणि कुलूप आक्काने लावलं होतं.